पाऊणकी

तीन हजार दोनशे मीटर लांबीचा पोलादी पाइप मी एकदा दातांत धरला होता. ह्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. ज्यानं ज्यानं आजवर ठेवला त्याच्याशी मी पुढे बोलणं कमी केलं, कारण सताड उघड्या घरात चोरी करण्यात काय कसब? पण दाढ गेली ती गेली. डावीकडची, खालची, शेवटून दुसरी. ज्याला पुरावा हवा त्याला मी आ करून दाखवतो, आणि बहुतेक माणसं दुसऱ्याच्या तोंडात डोकावण्यापेक्षा मान डोलावून मोकळी होतात. ह्या एका तत्त्वावर माझी सगळी नोकरी निभावली.

आज दुपारी दोनला मात्र एक गोष्ट घडली, आणि ती इतकी क्षुल्लक की सांगायची लाज वाटावी. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं. रोजच लागतं. त्याचा एक पाय आखूड आहे, नाहीतर बाई चादरी एका बाजूला कोंबतात. आधी नुसतं गुरगुरतं, मग छताला हुडहुडी भरते, ती भिंतीतून खाली उतरते आणि माझ्या टेबलावरचा कप बशीत किणकिणतो. मी कप उचलून हातात धरतो, एवढंच. आज कप उचलायच्या आत समोर बसलेल्या माझ्या मुलीनं टेबलावर हात ठेवला. पंजा पसरून, बोटं सुटी, मनगट जरासं उचललेलं, तापानं फणफणलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा. डोळे उघडे होते, पण कुठेच बघत नव्हते. "हे कमी होत नाहीये, बाबा," ती म्हणाली. "वाढतंय." असा हात ठेवणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो मला अजिबात आवडत नव्हता. अजूनही आवडत नाही. हिनं त्याला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. मग हिला हे शिकवलं कुणी? मी तर नाही. मी तिला काहीच शिकवलं नाही हे ती येता-जाता ऐकवते, आणि तेवढं एक ती खरं बोलते.

ती चहाला आली नव्हती. सकाळी फोनवर सांगून टाकलं होतं: "दोनला येते. एकच विचारायचंय. गोष्ट सांगायची नाही, उत्तर द्यायचं." मुलगी माझी आणि धंदाही माझाच उचललेला, बहुधा मला खोटं पाडायची सोय म्हणून. तेलाची विहीर म्हणजे जमिनीला पाडलेलं भोक, रुंदीला ताटाएवढं आणि खोलीला असं की त्यात डोंगर उलटा सोडला तर शेंडाही दिसू नये. त्यात एकाला एक जोडलेले पाइप सोडतात, टोकाला दातेरी बिट, आणि वरून फिरवतात. वर आपण निवांत फिरवत असतो, आणि खाली बिट खडकात अडतं. वरच्याला ते कळत नाही, तो फिरवतच राहतो. पाइपाला पीळ बसत जातो, आठ फेरे, दहा फेरे. मग बिट एकदम सुटतं, सगळा पीळ एका दमात उलगडतो, आणि तो झटका पाइपातून वर येतो, वरून परत खाली जातो. नवरा-बायकोच्या भांडणासारखंच हे, असं मी भाषणात म्हणायचो आणि हमखास हशा यायचा. प्रश्न एवढाच, की तो झटका येता-जाता मरतो की माजतो. चिखल, खडकाची घासण, पोलादाची अंगची सुस्ती, ह्या सगळ्यांनी मिळून दर खेपेला त्याचा किती जीव घेतला, त्याला डॅम्पिंग म्हणतात. बाकी सगळं मोजता येतं, लांबी, वजन, जाडी. हे एक धड मोजता येत नाही, म्हणून गणिताच्या मॉडेलमध्ये ते अंदाजानं घालावं लागतं. 'घालावं लागतं' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात सभ्य शब्द आहे. मी पाऊण घातला. दर झटका आधीच्याच्या पाऊणपट होऊन परततो, असा माझा अहवाल. त्याला एकतीस वर्षं झाली. माझ्या मागे आलेल्यांनी तो उतरवून घेतला, त्यांच्या मागच्यांनी त्यांचा, आणि आज सगळ्या कंपनीत तो सूर्य पूर्वेला उगवतो तितका पक्का आहे. मला समोर साहेब म्हणायचे, पाठीमागे पाऊणराव. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. माणसाच्या नावावर एखादा आकडा चालतो, ही काय थोडी गोष्ट आहे?

आता हिची विहीर तीन हजार नऊशे मीटरवर पोचली आहे आणि झटके थांबत नाहीत. हिनं वरच्यांना सांगितलं, दोन दिवस द्या, तळाशी यंत्र सोडून मोजू. वरचे म्हणाले, मोजायचं काय त्यात, तुमच्या वडिलांचा पाऊण आहे की. पाऊण खरा धरला तर मिनिटाला साठ फेऱ्यांनी फिरवायला काहीच हरकत नाही. खोटा असला तर पाइप तुटेल, आणि तुटेल तेव्हा वर रिगच्या, म्हणजे विहिरीवरच्या मनोऱ्याच्या, फळीवर हिची अकरा माणसं उभी असतील. सध्या बिट तळापासून उचलून ठेवलंय. चार वाजता हिनं फोन करून सांगायचं, टेकवा की टेकवू नका. हे सगळं तिनं बूट काढायच्या आत सांगितलं. मग खुर्चीत बसली, मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "तर बाबा, पाऊण आला कुठून?"

मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मी पेंटरकडे पाहिलं. हो, घरात पेंटर होता. मीच बोलावला होता, सकाळी, तिचा फोन ठेवल्या ठेवल्या. साठीचा, सुकलेला, कानावर पेन्सिल, अंगावर इतक्या घरांचे रंग की मूळ शर्ट कुठल्या रंगाचा ते त्यालाही आठवत नसावं. आल्या आल्या मी त्याला स्वयंपाकघराच्या दारापाशी उभं केलं आणि म्हटलं, ही चौकट आधी घासा. तो म्हणाला, "साहेब, लोक हॉलपासून सुरू करतात." मी म्हटलं, "मी लोक नाही." तो म्हणाला, "ते दिसलंच. वर तो हूक कशाचा? काढू का?" मी म्हटलं, "कुंडी टांगायचो, राहू दे." मग त्यानं खाली बघितलं. "आणि ही फरशी कशानं उडाली हो?" मी म्हटलं, "पेंटर, तुम्ही रंगाला आलाय की पंचनाम्याला?" ह्यावर तो हसला, पण माझ्या बाजूनं हसला नाही. ही माणसं नको तितकी बघतात, आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून उभी राहून त्यांना ती सवयच लागते. अकरापासून दोनपर्यंत त्यानं फक्त सामान मांडलं, पोतं अंथरलं आणि दोनदा चहा प्यायला. मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या खरवडून काढल्या.

तर मी मुलीला गोष्ट सांगायला घेतली. उत्तर मागणाऱ्याला गोष्ट द्यावी. ती जास्त टिकते. "तुला वाटत असेल मी कागदावर बसून काढला," मी म्हटलं. "कागदावर काढणारे वेगळे. खाली सोडलेलं यंत्र मरून वर आलं होतं. त्या काळची यंत्रं ती, विहिरीत उतरायलाच घाबरायची. सोमवारी अहवाल द्यायचा. मी काय केलं असेल?" तिनं फक्त घड्याळाकडे बघितलं. तिच्या आईचीही हीच खोड. विचारलेल्या प्रश्नाला गप्प बसून ती असं उत्तर द्यायची की आपलाच प्रश्न आपल्या तोंडात कडू व्हावा. "मी रिगच्या फळीवर पालथा झोपलो," मी म्हटलं. "पाइपाला तार बांधली, बोटभर जाडीची, आणि तिचं दुसरं टोक दाढेखाली धरलं. हाताला जे कळत नाही ते दाताला कळतं. भातातला खडा हाताला लागतो का कधी?" पेंटर हातातला ब्रश थांबवून म्हणाला, "बरोबर आहे, लागत नाही." "बघ," मी मुलीला म्हटलं. ती म्हणाली, "रिगवर त्या दिवशी कोण कोण होतं?" "सगळे होते." "नावं सांगा." "नावं कशाला? शेर होता, सव्वाशेर होता."

आणि हे तोंडातून निसटलं. म्हातारपणी तोंडाचं झाकण ढिलं होतं. सव्वाशेर म्हणजे तोच, हात ठेवणारा. रिगवरचा मुख्य ड्रिलर, ब्रेकच्या दांड्याशी उभा राहणारा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, मान जाड, बोलणं कमी. मी माझ्या मॉडेलचा आलेख घेऊन केबिनमध्ये गेलो होतो, एक सुंदर उतरती नागमोडी रेघ, मरत मरत सपाट होणारी, आणि सगळे माना डोलावत होते. त्यानं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. ब्रेकच्या दांड्यावर हात तसाच पसरून ठेवला आणि म्हणाला, "साहेब, गेलेला झटका पाऊण होऊन येत नाही. सव्वा होऊन येतो." कुणीतरी मागून ओरडलं, "शेराला सव्वाशेर भेटला रे!" आणि तेव्हापासून त्याचं ते नाव पडलं. मला तेवढ्या चार सेकंदांत कळलं होतं की त्याचं खरं असू शकतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्याच्या तळव्याखाली तीन किलोमीटर लांबीचं जनावर होतं आणि तो त्याची नाडी बघत होता, आणि माझ्याकडे एक कागद होता. अशा वेळी माणूस काय करतो? मी मॅनेजरकडे वळून म्हटलं, "वय झालंय त्याचं. पाइप नाही थरथरत, हात थरथरतो." काय हशा पिकला! माझ्या आयुष्यातला तो सर्वांत यशस्वी विनोद. सव्वाशेरानं दांड्यावरचा हात उचलला, उलटा-सुलटा करून बघितला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता, आणि खिशात घातला. साठ फेऱ्या ठरल्या. अकराव्या दिवशी पाइप तुटला. खाली पाइप तुटला की वरचा पीळ मोकळा होतो, आणि मोकळ्या पिळाला माणूस ओळखू येत नाही. ब्रेकचा दांडा उलटा फिरला आणि त्याच्या जबड्यावर बसला. मी तिथे नव्हतो. मी तिथे कधीच नव्हतो. मी घरी दाढी करत होतो, आणि बातमी कळली तेव्हा अर्ध्या तोंडाला साबण तसाच होता, एवढं आठवतं. चौकशी झाली. पाइप माझ्या आकड्यानं तुटला की त्याच्या हातानं? मी म्हटलं, त्यानं फेऱ्या वाढवल्या असणार, हट्टी माणूस. त्याला विचारलं. पण त्याचा जबडा तारेनं सहा आठवडे बांधलेला होता, आणि चौकशी पाच आठवड्यांत संपली.

सुंभ जळतो, पीळ जळत नाही, असं म्हणतात. बऱ्याच वर्षांनी तो मला एका बसथांब्यावर भेटला. चेहऱ्याची एक बाजू शिवून लहान केलेल्या कपड्यासारखी. मला वाटलं शिवी देईल, आणि मी उलट द्यायला एक तयारही ठेवली. त्यानं नुसता हात पुढे केला आणि माझ्या छातीवर ठेवला, शर्टाच्या खिशावर, तसाच पंजा पसरून. बसथांब्यावर सात-आठ माणसं होती. बराच वेळ ठेवला. मग त्या अर्ध्या तोंडानं म्हणाला, "वाढतंय, साहेब," आणि बस न घेता चालत निघून गेला. मी घरी येऊन शर्ट धुवायला टाकला. त्यानंतर केव्हातरी माझी ती दाढ किडली आणि डेंटिस्टनं काढली, आणि तार दाताखाली धरल्याची गोष्ट त्याच सुमाराला माझ्या तोंडी आली. जबडा त्याचा, तार त्याची, गोष्ट माझी. चोरी म्हणा हवं तर. त्याला तरी तिचा काय उपयोग होता? बोलता कुठे येत होतं त्याला नीट?

"मग?" मुलगी म्हणाली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वरचं मशीन थांबून पुन्हा सुरू झालं होतं. बाईंनी दुसरा घाणा लावला असावा. "मग काय, दाढेला झटका कळला," मी म्हटलं. "पहिला असा की डोळ्यांसमोर काजवे. दुसरा त्याच्या पाऊण. तिसरा त्याच्या पाऊण. जिभेवर खडकाची चवसुद्धा आली. वाळूचा दगड खारट लागतो, चुनखडी तुरट. मी वरून सांगितलं, चुनखडी आली, आणि अर्ध्या तासानं चिखलातून चुनखडी वर आली. विचार कुणालाही." "कुणाला विचारू? सगळे मेले." "त्याला मी काय करू?" "बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका सपाट होता की त्यावर पाणी ठेवलं असतं तर हललं नसतं, "अकरा माणसं आहेत माझी. त्यातल्या एकाचं परवा लग्न ठरलंय. मला गंमत नकोय. तुम्ही मोजलं होतंत की नाही?" "मोजलं होतं," मी म्हटलं. आणि हे खरं होतं. मला आजवर कुणी 'मोजलं होतंत का' असं विचारलं तर मी छातीवर हात ठेवून हो म्हणत आलो आहे. 'काय मोजलं होतंत' असं कुणी विचारलं नाही.

मी इस्त्री मोजली होती. थाप मारायची तरी तिच्या मुळाशी खऱ्याचा एक खडा लागतो, नाहीतर ती उभी राहत नाही. यंत्र मरून आलं होतं, सोमवार डोक्यावर होता, बायको सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आठ दिवस तिच्या भावाकडे गेली होती. घर रिकामं, भांड्यांचासुद्धा आवाज नाही. आणि मला वाटलं, काहीतरी लोंबतं, काहीतरी हिसकतं, काहीतरी मरतं, ते काय तीन किलोमीटरचं असायला हवं? मी जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी कापली, स्वयंपाकघराच्या दाराशी छताला जो हूक होता त्याला बांधली, आणि तिच्या टोकाला बायकोची इस्त्री. चौकटीला लागून. गुडघ्यावर बसून इस्त्री खाली ओढली आणि सोडली. ती वर छताकडे गेली, खाली आली. जिथवर खाली आली तिथे चौकटीवर पेन्सिलीची रेघ. पुन्हा वर, पुन्हा खाली, पण ह्या खेपेला जरा कमी खाली, तिथे रेघ. एकावर एक रेघा, चढत चढत, दर खेपेला अंतर कमी. मला मजा वाटत होती. इतक्या वर्षांत त्या घरात मी एवढा खुश कधी झालो नव्हतो. सहा रेघा झाल्या आणि सातव्या खेपेला पट्टी तुटली. इस्त्री फरशीवर पडली, फरशीचा टवका उडाला, इस्त्रीचं नाक वाकडं झालं. मी रेघांमधली अंतरं मोजली. नशीब थापाड्याला साथ देतं म्हणतात ते खोटं नाही. दर अंतर आधीच्याच्या बरोबर पाऊणपट होतं. अहवालात पट्टी तुटल्याचं लिहिलं नाही. कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी दोघी परत आल्या. मुलगी चपला काढतानाच दाराशी थबकली. "बाबा, ह्या रेघा कसल्या?" मी तेव्हा अहवाल लिहीत होतो, मान वर न करता म्हटलं, "तुझी उंची. ही पहिल्या वाढदिवसाची, ही दुसऱ्या, ही तिसऱ्या." ती पळत जाऊन चौकटीला पाठ लावून उभी राहिली, आणि सहावी रेघ तिच्या डोक्याला बरोबर लागली. बरोबर. केसभर इकडे नाही, तिकडे नाही. तिनं मागे वळून ती रेघ बघितली, मग मला बघितलं, आणि कुणी माझ्याकडे असं कधी बघितलेलं नाही. आधीही नाही, नंतरही नाही. तिच्या आईनं वाकडी इस्त्री उचलली, हुकाकडे बघितलं, फुटक्या फरशीकडे बघितलं आणि म्हणाली, "मोजलीत वाटतं. बरं झालं." बस एवढंच. ती इस्त्री तिनं बदलली नाही. त्या वाकड्या नाकानं मुलीच्या शाळेच्या कॉलरवर वर्षानुवर्षं एकाच जागी चुणी पडत राहिली. मी म्हणायचो, नवी घेऊ, ती म्हणायची, "असू दे की, आठवण आहे." सातव्या वाढदिवसाला मुलगी पेन्सिल घेऊन चौकटीला टेकून उभी राहिली. मला दिसत होतं की तिचं डोकं शेवटच्या रेघेच्या चांगलं सहा बोटं वर गेलंय. तिथे रेघ मारली असती तर सगळा हिशोब बिघडला असता. मी म्हटलं, "राहू दे गं. आता काय मोजायचं?" ती जेवणाची ताटं मांडेपर्यंत तशीच उभी होती. मग आईनं तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही, पण त्यानंतर ती माझ्याशी जे जे बोलली त्यात तो विषय होता.

"घासू का ह्या रेघा?" पेंटर म्हणाला. अखेर त्याला पॉलिश-पेपर सापडला होता. "घासा की! सकाळपासून काय सांगतोय?" मी म्हटलं, जरा मोठ्यानंच. मुलीची मान वळली. "थांबा," ती उठली. "त्या माझ्या आहेत." "अगं, जुनं लाकूड आहे, किती दिवस..." "बाबा, तुमच्याकडून मला एवढंच मिळालंय. सहा रेघा. त्याही घासून घ्या म्हणताय?" ती चौकटीपाशी उकिडवी बसली. "दादा, टेप आहे? मी मापं घेते, माझ्या घरी दारावर काढीन." पेंटरनं खिशातून टेप काढला, आणि वर कानावरची पेन्सिलही काढली. "तुम्ही सांगा ताई, मी लिहितो." भिंतीला त्यानं चौकटीच्या कडेनं पांढरा हात मारलेला होता, त्यावरच लिहायला तो सरसावला. साडेतीन वाजून गेले होते. मी खुर्ची सरकवली. "तर मी सांगत होतो," मी म्हटलं, "दाढेत झटका असा शिरला की कानातून धूर..."

"पहिली ते दुसरी, सोळा सेंटीमीटर," ती म्हणाली. पेंटरनं लिहिलं. "धूर म्हणजे खरोखरचा धूर," मी आवाज चढवला. "मॅनेजर म्हणाला, साहेब, तुमचा कान जळतोय!" "दुसरी ते तिसरी, बारा." "मी म्हटलं, जळू दे, एक कान कंपनीला दिला!" "नऊ." "आणि तेवढ्यात दाढ हलली..." "ही सहा... सात... ह्याच्या मध्ये आहे." "पावणेसात," पेंटर वाकून टेप बघत म्हणाला. "लिहा पावणेसात. आणि शेवटची, पाच. पाचला चिमूटभर जास्त." मी बोलायचं थांबलो, कारण माझं मलाच ऐकू येईना. वरचं मशीन आता पूर्ण वेगात होतं आणि कप बशीत नुसता नाचत होता, आणि मी तो धरला नाही. पेंटर दोन पावलं मागे सरकला. भिंतीवरच्या आपल्या अक्षराकडे, एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याकडे बघावं तसं बघत राहिला. "आमचे मास्तर छडी घेऊन म्हणून घ्यायचे हो," तो म्हणाला. "पाऊणकी. सोळा पाऊण बारा. बारा पाऊण नऊ. नऊ पाऊण पावणेसात." मग मान तिरकी करून, हलक्यानं, "पावणेसात पाऊण पाच, वर चिमूटभर. ताई, ही उंची कसली? हा तर पाढा आहे."

ती उकिडवीच होती. तिनं टेप सोडला आणि तो सर्रकन आपल्या डबीत गेला. आधी तिनं रेघांवरून बोट फिरवलं, खालून वर, सहाही. मग तिचं बोट चौकटीवरून सुटलं आणि नजर तशीच सरळ वर गेली, छतापर्यंत, हुकापर्यंत. तिथून ती ओळंबा सोडावा तशी सरळ खाली आली, फरशीच्या उडालेल्या टवक्यावर. टवक्याच्या त्रिकोणी खाचेत तिनं अंगठा ठेवला. मग तोच हात आपोआप मानेकडे गेला, कॉलरच्या त्या जागेवर जिथे आता चुणी नव्हती. हे सगळं इतकं सावकाश की मला मधे बोलायला वेळ होता. चांगली गोष्ट तयारही होती: हुकाची, फरशीची, दोन्हींची मिळून एक. तोंड उघडलं तर त्या गेलेल्या दाढेच्या भोकातून नुसती हवा गेली.

चारला दहा कमी असताना तिनं मोबाइल उलटा केला आणि रिगला लावला. "टेकवू नका," ती म्हणाली. "बिट वरच राहू दे. आधी यंत्र सोडायचं, मोजायचं, मग बघू. हो, माझ्या जबाबदारीवर. वरच्यांना सांगा आकडा गेला." पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं. "कुणाचा म्हणजे? पाऊणरावांचा," ती म्हणाली. माझं नाव तिनं आजवर माझ्यासमोर कधी घेतलं नव्हतं. फोन ठेवून ती उभी राहिली, चौकटीला पाठ लावून, पूर्ण उंचीनं. सहावी रेघ तिच्या बरगडीपाशी आली. पेंटर पॉलिश-पेपर हातात धरून आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

"मुलगी पाऊणकीनं वाढत नाही, बाबा," ती म्हणाली. "सातव्या खेपेला आईची इस्त्री पडली, म्हणून मला सातवी रेघ नाही."